ज्यानं खोललं त्यानंच जोडायचं

तुळजापूरला येणारी माणसं घरी जाऊन देवीच्या दर्शनाची गोष्ट सांगतात. त्यातली काही माझीही सांगतात, कारण त्यांची जीप घाटात बसलेली असते आणि मी तिच्याखाली झोपलेला असतो. सोलापूरच्या रस्त्याला, घाट सुरू होण्याच्या अलीकडं माझं गॅरेज आहे. काम एकच, गिअरबॉक्स. इंजिन, वायरिंग, एसी यांत मी पडत नाही. लोक विचारतात, एवढ्या एकाच कामावर पोट कसं भरतं? त्यांना मी घाट दाखवतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन आपलं एका लयीत पळत असतं. चाकाला मात्र चढावर जोर लागतो आणि सपाटीवर वेग. या दोघांमध्ये मध्यस्थी करतो तो गिअरबॉक्स. आणि गिअर बदलताना दोघांना क्षणभर वेगळं करतो तो क्लच. मध्यस्थ बिघडला की घरात जे होतं तेच गाडीत होतं: आवाज वाढतात, आणि शेवटी कुणीच जागचं हलत नाही.

माझ्या गॅरेजचा एक नियम आहे. दुसऱ्यानं खोललेला गिअरबॉक्स आम्ही घेत नाही. हा नियम माझ्या उस्तादांचा. ते म्हणायचे, ज्यानं खोललं त्यानंच जोडायचं, कारण कुठला वायसर कुठून निघाला हे फक्त त्याच्या हाताला माहीत असतं. एका वऱ्हाडाच्या जीपवाल्यानं घाटातच स्वतः गिअरबॉक्स खोलला होता आणि सगळे भाग नवरीच्या रुखवताच्या परातीत घालून आणले होते. सोबत नवरा मुलगा हात जोडून उभा. मी त्यांना दुसरी गाडी बघून दिली, वऱ्हाड वेळेवर पोचवलं, पण परातीला हात लावला नाही. माणसं मला आडमुठा म्हणतात. म्हणू देत.

हा नियम मोडता येत नाही म्हटल्यावर त्यातून वाट काढणारं एकच गिऱ्हाईक मला भेटलं. शरणप्पा. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणतात.

अप्पांचं मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर खण-साड्यांचं दुकान. देवीची ओटी भरायला येणाऱ्या बायकांची तिथं रीघ असते. दुकान आता त्यांचा मुलगा महेश बघतो. अप्पांनी तरुणपणी सोलापूरच्या एका मिलवाल्या घरातून इंग्लंडात बनलेली एक जुनी गाडी घेतली होती. दोनच माणसांची, बिनटपाची, बाटलीसारखी हिरवी, आणि इतकी बुटकी की समोरून ट्रक आला तर त्याचं चाक आपल्या कानाजवळून जातं. शर्यतीच्या जातीची गाडी. ती घेऊन अप्पा नळदुर्गला जाऊन येत, कधी उमरग्यापर्यंत. लोक देवीच्या छबिन्याची मिरवणूक बघावी तसं दारात येऊन बघत.

मग साखरेनं त्यांचा डावा पाय गेला. गुडघ्याच्या खालून कापावा लागला. क्लच डाव्या पायाचा. गाडी गोदामात गेली आणि चावी महेशच्या खिशात.

वर्षभरानं अप्पा रिक्षातून गॅरेजसमोर उतरले. कुबड्या, मांडीवर घडी घातलेली शाल, आणि मागे दोन घमेली आणि एक पोतं. पोत्यात गिअरबॉक्सची रिकामी पेटी. घमेल्यांत बाकीचं सगळं.

मी म्हणालो, "अप्पा, कुणी खोललं?"

"म्या. बसल्या बसल्या दुसरं काय करू? दुसरा गिअर आधीच घरघर करायचा. दुकानातल्या पोरांकडनं खाली उतरवून घेतला आन् अंगणात बसून खोलला."

"मग आमी घेत न्हाय. तुमाला माहीत हाय."

"माहीत हाय म्हणूनच आलो. म्याच जोडतो. तुमी नुस्तं बसून सांगायचं. हात लावायचा न्हाय."

माझ्याच नियमानं मला अडकवलं होतं. मी खुर्ची सरकवली, तर ते पोतं रिकामं करून खाली त्याच्यावरच बसले आणि शाल डाव्या गुडघ्यावर नीट ओढून घेतली. ही शाल त्या सबंध काळात मी कधी बाजूला झालेली पाहिली नाही. उकाड्यात घामाच्या धारा लागल्या तरी नाही. बायकोसमोरसुद्धा ते तो पाय उघडा टाकत नाहीत, असं महेशनं मला सांगितलं होतं.

त्यांना दोन गोष्टी करायच्या होत्या. गिअरबॉक्स नवा करायचा, आणि क्लच पायावरून हातावर आणायचा. दुसरी गोष्ट ऐकायला अवघड, पण तशी सोपी. मोटरसायकलच्या क्लचची मूठ गिअरच्या दांड्यावर बसवली. ती दाबली की इंजिन हवा ओढतं ती ओढ एका डब्यातला पडदा खेचते आणि पडदा क्लच ओढतो. डबा भंगारातल्या एका टेम्पोच्या ब्रेकचा. म्हणजे डाव्या हातानंच क्लच दाबायचा आणि त्याच हातानं गिअर टाकायचा. उजवा पाय ब्रेक आणि रेसला मोकळा. त्याच्या परवान्याची कागदपत्रं महेशनंच हिंडून केली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्याच्याबद्दल गैरसमज होईल.

पहिली गोष्ट मात्र जीव काढणारी. अप्पांनी आयुष्यभर साडीची घडी घातलेली. खालच्या दांड्याच्या पोटात सुईएवढे रूळ ग्रीसनं चिकटवून बसवायचे असतात. दांडा आत सरकवताना हात जरा हलला की सगळे रूळ ज्वारीच्या दाण्यांसारखे खाली. अप्पांचे किती वेळा सांडले ते त्यांनाच ठाऊक. एकदा तिसऱ्या गिअरचं चाक उलटं बसलं आणि तीन दिवसांचं काम पुन्हा उकलावं लागलं. मी बघत होतो. माझे हात वळवळायचे. शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसायला लागलो. तोंडाला मात्र लगाम नव्हता. मी एकदा म्हणालो, "अप्पा, खण मोजताना पण असंच करायचा का?" ते म्हणाले, "खण उलटा बसत न्हाय, मिस्त्री," आणि परत रूळ वेचायला लागले.

हळूहळू त्यांचा हात बसला. गिअर टाकल्यावर हाताला जो 'खट्' लागतो, तो कशाचा असतो हे आता तेच मला समजावून सांगत. गिअर बदलणाऱ्या दांड्यावर खाचा असतात. वरून एक स्प्रिंग लोखंडी छऱ्याला त्या खाचेत दाबून धरते. छर्रा खाचेत पुरता बसला की गिअर हलत नाही. पुरता बसला नाही, तर गाडी उतारावर लागली की गिअर आपोआप निसटतो आणि गाडी मोकळी सुटते.

एवढ्यात नवरात्र आलं. खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन पुसून चादरीवर मांडतो, पूजा करतो आणि त्या दिवशी एकालाही हात लावत नाही. मी पाच वेळचा नमाजी माणूस. पण उस्तादांनी ज्या चादरीवर मला पहिला पाना दिला ती चादर मी अजून टाकतो, आणि पूजेच्या वेळी चप्पल काढून बाजूला उभा राहतो. त्या वर्षी अप्पांच्या पत्नी, गंगाक्का, स्वतः ताट घेऊन आल्या. म्हणाल्या, "रज्जाकभाऊ, आमच्या घरचं हत्यार यंदा तुमच्याकडं हाय." त्यांनी गिअरबॉक्सला विभूतीचे पट्टे ओढले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, वरून अक्षता टाकल्या. झाकण अजून बसायचं होतं. नट आवळताना आतलं फिरू नये म्हणून अप्पांनी दांडा दुसऱ्या गिअरमध्ये ठेवला होता. सगळं प्रसन्न वाटत होतं. दसऱ्यानंतर अप्पांनी फूल उचललं, वरच्या अक्षता फुंकून काढल्या, छर्रे आणि स्प्रिंगा टाकल्या आणि झाकण लावलं.

कोजागिरीची गर्दी ओसरली तेव्हा गाडी तयार होती. आणि त्याच आठवड्यात महेश गॅरेजवर आला.

"चाचा, अप्पांना नादी लावू नका."

"नादी कोण लावतंय? तेच मला राबवायलेत."

तो हसला नाही. "पाय कापून आणलं तेव्हा जिन्यावरनं म्या त्यांना पाठीवर घेऊन चढलोय. घाटात काय झालं तर कुणाला पाठीवर घेऊ, सांगा."

बापलेकात शेवटी ठरलं ते असं. अप्पांनी घाट उतरायचा आणि चढून दाखवायचा. शेजारी मी. महेश त्याच्या गाडीत मागे. सगळं नीट झालं तर चावी अप्पांची. काहीही चुकलं तर गाडी पुण्याच्या एका शौकिनाला द्यायची, तो कधीचा मागतच होता. अप्पांनी शब्द दिला. महेश गेल्यावर मला म्हणाले, "मिस्त्री, गाडी गेली की मग मला उचलून ठेवायचं आन् उचलून न्यायचं, एवढंच राहतंय." ते हे रडून बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं.

सकाळची वेळ होती. अप्पांनी नुकताच करून घेतलेला कृत्रिम पाय काढून सीटमागे ठेवला, शाल मांडीवर घेतली, मूठ दाबली, पहिला गिअर टाकला. गाडी सुटली ती धक्का न देता. पहिल्या वळणाआधी त्यांनी दुसरा टाकला. खट् ऐकू आला. घाटात उतरताना गाडी इंजिनाच्या जोरावर अडवून धरायची असते. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत, आणि हे तर आमच्या आजोबांच्या वेळचे ब्रेक.

वळण आलं. या गाडीचं स्टिअरिंग जड, वळणावर दोन्ही हात लागतात. अप्पांनी डावा हात गिअरवरून काढून स्टिअरिंगला लावला आणि त्याच क्षणी दांडा खळ्‌कन पुढं आला. न्यूट्रल. इंजिनाचा आवाज एकदम पडला आणि गाडी मोकळी सुटली.

अप्पांनी ब्रेक दाबला, वळण काढलं, मूठ दाबून परत दुसरा टाकला. पुढच्या वळणावर परत तेच. या वेळी समोरून उसाची ट्रॉली वर येत होती, अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापून. ब्रेक तापल्याचा वास मला आला. अप्पांनाही आला असणार. माझे हात मांड्यांखाली होते. मी उजवा हात काढला आणि दांड्याकडं नेला. नियम गेला खड्ड्यात, मी दांडा धरून बसणार होतो.

"हात काढा, मिस्त्री."

"अप्पा, येडेपणा करू नका."

"हात काढा. महेश मागं हाय. तुमी धरलेला दिसला तर म्या चालवली न्हाय, तुमी चालवली."

मी हात काढला. मला त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. घरी बायको आहे, नातवंडं आहेत, आणि मी एका हट्टी कापडवाल्याच्या शेजारी बसलोय, असं सगळं मनात येऊन गेलं.

अप्पांनी दुसरा परत टाकला. दुसऱ्या गिअरला दांडा मागे असतो, निसटला की पुढं येतो. पुढचं वळण येण्याआधी त्यांनी डावी मांडी उचलून माझ्या बाजूला कलती केली. शाल खाली घसरली. कापलेला पाय मधल्या उंचवट्यावर आला आणि गुडघा दांड्याच्या पुढं घट्ट टेकला. तुमचा-माझा पाय तिथं बसत नाही, गुडघ्याखालची नळी आडवी येते. त्यांना नळीच नव्हती. दांड्यानं पुढं यायला जोर केला, मी तो थरथरताना पाहिला, पण गुडघा हलला नाही. अप्पांनी दोन्ही हातांनी वळण काढलं, ट्रॉली कानाजवळून गेली, आणि इंजिन घुमत राहिलं.

घाट उतरेपर्यंत तो गुडघा तिथंच होता. कातडी लाल झाली होती. मी सारा वेळ रस्त्याकडं कमी आणि त्या गुडघ्याकडं जास्त बघत होतो.

खाली चहाच्या टपरीशी आम्ही थांबलो. अप्पांनी आधी शाल उचलून पायावर घातली. महेश मागून आला. चेहरा मोकळा झाला होता. "झक्कास उतरली की, अप्पा. आता चढून जाऊ."

त्याला काही दिसलं नव्हतं. चढताना गिअर निसटत नसतो, ओढ उलटी असते. अप्पा गप्प बसले असते तर अर्ध्या तासात चावी त्यांची होती. मी त्यांना कोपरानं ढोसलंसुद्धा.

अप्पा म्हणाले, "दुसरा गिअर निसटला. वळणावळणाला."

"मग अडवला कशानं?"

अप्पांनी शालीवरनं गुडघ्यावर हात ठेवला. महेशनं त्या हाताकडं बघितलं. मग त्यानं तळहात पुढं केला. अप्पांनी चावी काढून त्यावर ठेवली.

गाडी वर मीच आणली. जन्मात हातानं क्लच दाबला नव्हता. टपरीसमोरच दोनदा बंद पाडली. शेजारच्या सीटवरून अप्पा म्हणाले, "दमानं सोडा, मिस्त्री. दांड्यावर राग काढू नका." टपरीवाला हसला. त्या दिवशी घाटात शिकाऊ मी होतो.

गॅरेजवर आल्यावर मी महेशला म्हणालो, "गाडी द्यायची तर दे, पण दोष सापडल्याबिगर ही माझ्या दारातनं हलणार न्हाय. माझं नाव हाय त्यात." तो थांबला. अप्पा परत पोत्यावर बसले आणि त्यांनी झाकण खोललं. महेशनं बॅटरीचा उजेड धरला. स्प्रिंग निघाली, छर्रा निघाला. दांडा दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून मी खाचेत डोकावलो.

खाचेत ग्रीसमध्ये रुतून तांदळाचे दाणे होते. पिवळे, कुंकवानं कडा लाल झालेले. ठेचून घट्ट बसलेले. पूजेच्या दिवशी दांडा दुसऱ्या गिअरमध्ये होता, म्हणून नेमकी हीच खाच उघडी राहिली होती. छर्रा त्यांच्यावर चढून बसत होता, खाचेत पुरता उतरतच नव्हता. सपाटीवर तेवढं पुरत होतं, घाटात नाही.

अप्पांना लगेच कळलं. मला म्हणाले, "काडीकचरा दिसतोय. म्याच पाडला आसंल." आणि बोटानं खाच झाकायला लागले.

पण जेवणाचा डबा घेऊन गंगाक्का मागेच उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. "ह्या माझ्या अक्षता हायेत." डबा त्यांनी तसाच खाली ठेवला. "म्या तुमचा जीव घेतला असता. भाऊंचा बी."

"साकू," अप्पा कानडीत म्हणाले. पुरे. "तू पूजा केलीस. झाकण म्या लावलं. बघून लावायचं माझं काम होतं."

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. समजूत घालायला मला जमत नाही, घरचे साक्षी आहेत. मला जे येतं तेच मी बोललो. "अक्का, ह्या गॅरेजचा नियम हाय. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. बसा."

त्या पोत्यावर अप्पांच्या शेजारी बसल्या. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि एकेक दाणा उकरून पदरात घेतला. फेकला एकही नाही. महेशनं बॅटरी धरून ठेवली होती. मग अप्पांनी खाच पुसली, आत पुन्हा पुन्हा बोट फिरवलं, छर्रा टाकला, स्प्रिंग टाकली. दांडा मागे ओढला. या वेळचा खट् वेगळा होता, मला लांबूनही कळला.

महेश म्हणाला, "आता शेजारी म्या बसतो."

ते दोघं गेले. घाटात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मी आणि गंगाक्का दारात उभे होतो. त्या तोंडातल्या तोंडात काही म्हणत होत्या, मीही आपलं म्हणत होतो. चहा आणला तो तसाच गार झाला. एखादी गाडी घाटातून वर येताना तिचा आवाज मला आधी ऐकू येतो, पण त्या दिवशी मला काहीच ऐकू येईना. ट्रक आले, बसगाड्या आल्या. शेवटी गंगाक्काच म्हणाल्या, "आली."

गाडी दारात थांबली. महेश उतरला आणि माझ्याकडं येऊन म्हणाला, "दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, चाचा. दांडा हलला न्हाय." चावी गाडीलाच होती. ती त्यानं परत मागितली नाही.

मी धंद्यात पुष्कळ गिअरबॉक्स जोडले. चांगले जोडले. पण ज्याची मला सगळ्यात जास्त आठवण येते त्याचा एकही नट माझ्या हाताचा नाही, याची थोडी हळहळ वाटतेच.

पुढच्या खंडेनवमीला अप्पा गाडी चालवत गॅरेजवर आले. गंगाक्का शेजारी बसल्या होत्या, मांडीवर पूजेचं ताट. आम्ही चादर टाकली, हत्यारं मांडली. त्यांनी पान्यांना विभूती लावली, जॅकला लावली, गिअरच्या मुठीला हळद-कुंकू वाहिलं. अक्षता हातात घेतल्यावर आधी मला विचारलं, "झाकण लावलंय ना?" मी म्हणालो, "लावलंय. हात लावून बघा." त्यांनी खरंच हात लावून बघितलं.

मग त्या ताट घेऊन अप्पांसमोर खाली बसल्या. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, महेशकडं बघितलं. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शाल बाजूला केली.

गंगाक्कांनी त्या गुडघ्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, मध्ये कुंकू लावलं आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या. मी चप्पल आधीच काढली होती. महेशनं तेव्हा काढली.